आई गुलाम तर लेकरू गुलाम: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका, कोर्ट आणि कागद

जुनी_दफ्तरं

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की चर्चा लिंकन आणि यादवी युद्धाभोवतीच फिरते. इथे जरा बाजूची वाट घेऊ. बायकांची गुलामी ज्या एका कलमावर उभी होती ते कलम, आणि त्याच कलमाची दुसरी धार वापरून कोर्टात गेलेल्या बायका, एवढाच या धाग्याचा विषय.

सुरुवात व्हर्जिनियात, १६५५-५६ मध्ये. एलिझाबेथ की हिचा बाप इंग्रज, तोही वसाहतीच्या विधिमंडळाचा सदस्य. आई आफ्रिकन. ती लहान असताना बापाने तिला नऊ वर्षांच्या कराराने दुसऱ्याकडे कामाला ठेवलं. मुदत कधीच उलटून गेली, पण सुटका नाही. शेवटचा मालक वारल्यावर त्याची इस्टेट पाहणाऱ्यांनी तिला सरळ गुलामांत धरलं. तिने दावा लावला. मुद्दे तीन: इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे मूल बापाच्या दर्जाचं असतं आणि आपला बाप स्वतंत्र होता, आपला बाप्तिस्मा झालेला आहे, आणि करार संपलेला आहे. ज्युरीने तिच्या बाजूने निकाल दिला, वरच्या कोर्टाने तो फिरवला, प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं आणि १६५६ मध्ये ती सुटली.

ही वाट बुजवायला विधिमंडळाला सहाच वर्षं लागली. डिसेंबर १६६२ चा कायदा सांगतो की इंग्रज पुरुषापासून निग्रो बाईला झालेलं मूल गुलाम की स्वतंत्र, हे केवळ आईच्या दर्जावरून ठरेल. १६६७ मध्ये बाप्तिस्म्याचा मुद्दाही निकालात काढला: बाप्तिस्मा झाला तरी गुलामाचा दर्जा बदलत नाही. एलिझाबेथच्या तीन मुद्द्यांपैकी दोन असे कायद्यानेच काढून घेतले. पुढे इतर वसाहतींनीही आईवरून दर्जा ठरवण्याची हीच रीत उचलली.

या कलमाने काय केलं ते मालकांच्या मृत्युपत्रांत उघड दिसतं. अमुक बाई थोरल्या मुलीला, 'आणि तिला यापुढे होणारी संतती' तिच्याचकडे, असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. न जन्मलेल्या मुलांची वाटणी! गोऱ्या बापावर पोटगीची जबाबदारी नाही, मुलाला वारसाहक्क नाही, आणि मालकाच्या मालमत्तेत एका नगाची भर. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली. तरीही १८१० च्या जनगणनेतले सुमारे १२ लाख गुलाम १८६० मध्ये सुमारे ३९.५ लाख झाले होते. ही वाढ जवळजवळ सगळी बायकांच्या पोटची.

वॉशिंग्टन दांपत्याच्या घरातली ओना जज २१ मे १७९६ ला फिलाडेल्फियातून निसटली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. ती मार्था वॉशिंग्टन यांच्या पहिल्या नवऱ्याच्या, म्हणजे कस्टिसच्या, इस्टेटीतली. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्राने स्वतःच्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त करायची सोय केली, त्यात ती बसत नव्हती. न्यू हॅम्पशायरमध्ये तिने लग्न केलं, तीन मुलं झाली. कायद्याच्या नजरेत ती तिघंही कस्टिस इस्टेटीची मालमत्ता, कारण आई फरारी गुलाम. १८४८ मध्ये ती वारली, ती फरारी म्हणूनच.

---

काळा_कोट

उत्तम धागा. दावा नेमका चालायचा कसा, ते लिहितो. 'मला स्वातंत्र्य द्या' असा अर्ज करता येत नसे. नेहमीच्या दिवाणी दाव्यांच्या साच्यातच आपलं म्हणणं बसवावं लागे.

मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्डची बेट, पुढची एलिझाबेथ फ्रीमन. तिने आणि ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामाने १७८१ मध्ये कर्नल जॉन अ‍ॅश्लीवर जो दावा लावला, तो दुसऱ्याने बेकायदा अडकवून ठेवलेला ऐवज सोडवण्याच्या रिटवर. शेरिफने अ‍ॅश्लीला सांगितलं, या दोघांना सोड. तो म्हणाला, हे माझे जन्माचे नोकर आहेत. झालं, वादाचा मुद्दा तयार! वकील थिओडोर सेजविक यांनी १७८० च्या राज्यघटनेतल्या 'सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान' या वाक्यावर युक्तिवाद केला. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्युरीने दोघांना स्वतंत्र ठरवलं आणि वर ३० शिलिंग भरपाई दिली. अ‍ॅश्लीने अपील केलं आणि नंतर स्वतःच मागे घेतलं.

मिझुरीत वेगळी तऱ्हा. तिथे गुलामगिरी कायदेशीर, तरी १८२४ च्या कायद्याने गुलामाला निर्धन वादी म्हणून दावा लावता येई. आधी न्यायाधीशापुढे अर्ज. त्यात दम वाटला तर परवानगी, आणि कोर्टाकडून वकील. सोबत हुकूम निघे: वादीला वकिलाला भेटू द्यावं, दावा लावला म्हणून छळू नये, कोर्टाच्या हद्दीबाहेर नेऊ नये. या शेवटच्या अटीत सगळा जीव असे, कारण मालकाचा पहिला डाव म्हणजे बाईला रातोरात बोटीत घालून दक्षिणेला विकणं. मालकाने हमी दिली नाही तर शेरिफ वादीला ताब्यात घेऊन भाड्याने कामाला लावी. मजुरी निकाल लागेपर्यंत अडकलेली.

प्रत्यक्ष दावा मारहाण आणि बेकायदा डांबून ठेवल्याचा. मालकाचा बचाव ठरलेला, ही माझी गुलाम आहे, म्हणून मला तो हक्क आहे. मग ज्युरीपुढे खरा प्रश्न उरतो तो दर्जाचा. विनी नावाच्या बाईच्या खटल्यात १८२४ मध्येच मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं होतं की मालकाने गुलामाला मुक्त प्रदेशात, म्हणजे गुलामगिरीला बंदी असलेल्या भागात, नेऊन वसवलं की ती व्यक्ती स्वतंत्र होते, आणि परत मिझुरीत आणली तरी स्वतंत्रच राहते. सेंट लुईसच्या सर्किट कोर्टात असे ३०० च्या आसपास दावे सापडले आहेत.

---

रेवाकाठ

म्हणजे आई सुटली की मुलं आपोआप सुटायची का? कलम दोन्ही बाजूंनी चालत असेल तर तसंच व्हायला हवं.

---

काळा_कोट

@रेवाकाठ, आपोआप काहीच होत नसे. प्रत्येकाचा दावा वेगळा, आणि जन्माच्या वेळी आई कायद्याने स्वतंत्र होती हे पुराव्याने दाखवावं लागे. पॉली वॉश हिने १८३९ मध्ये दावा लावला. मालकाने आपल्याला इलिनॉयमध्ये नेऊन राबवलं होतं, हा तिचा आधार. १८४३ मध्ये ती जिंकली. मुलगी ल्युसी अल्पवयीन, म्हणून आईच तिच्या वतीने वादी. वकील एडवर्ड बेट्स, जे पुढे लिंकनचे अ‍ॅटर्नी जनरल झाले. युक्तिवाद सरळ: इलिनॉयमध्ये राहिल्यामुळे आई तेव्हापासूनच कायद्याने स्वतंत्र, ल्युसीचा जन्म त्यानंतरचा, सबब ती गुलाम असूच शकत नाही. १६६२ चं तर्कशास्त्र उलटं फिरवून मालकाच्याच गळ्यात! १८४४ मध्ये ल्युसी सुटली. मधले १७ महिने तिने तुरुंगात काढले. गुन्हा काही नाही. मालकाने पळवून नेऊ नये म्हणून वादीलाच कोठडी.

आणि स्कॉट खटला. सगळीकडे ड्रेड स्कॉटचं नाव असतं. पण ६ एप्रिल १८४६ ला दोन अर्ज दाखल झाले होते, एक ड्रेडचा, एक त्याची बायको हॅरिएट हिचा. इलायझा आणि लिझी या दोन मुलींचं भवितव्य कायद्याने बापावर नव्हतंच, आईवर होतं. लिझी मिझुरीत जन्मलेली, तरी हॅरिएट त्याआधी स्वतंत्र ठरली तर लिझीही स्वतंत्र. शिवाय हॅरिएट वर्षानुवर्षं फोर्ट स्नेलिंगला, म्हणजे मुक्त प्रदेशात राहिलेली, आणि तिचं लग्न तिथे मॅजिस्ट्रेटपुढे रीतसर लागलेलं. तिचा खटला दोघांत बळकट होता असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि माझंही तेच मत. १८५० मध्ये सोय म्हणून ठरलं की ड्रेडचा निकाल तोच हॅरिएटचा. तिथे तिचे मुद्दे कागदावरून गेले.

खटले कसे फसतात ते १८४७ च्या पहिल्या सुनावणीत बघा. स्कॉट दांपत्याला त्यांच्या मालकीण इमर्सनबाईंकडून भाड्याने घेतलं, अशी साक्ष सॅम्युएल रसेल यांनी दिली. उलटतपासणीत निघालं की व्यवहार त्यांच्या पत्नीने केला होता, यांनी फक्त पैसे दिले. साक्ष ऐकीव ठरली. इमर्सनबाई या दोघांना गुलाम म्हणून ठेवतात हे सिद्ध झालं नाही, म्हणून निकाल इमर्सनबाईंच्या बाजूने, आणि परिणामी स्कॉट पुन्हा त्यांच्याच ताब्यात. १८५० मध्ये रसेलबाईंचा जबाब आला आणि खटला जिंकला. १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर ६ मार्च १८५७ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्कॉटविरुद्ध दिलेला निकाल सर्वांना माहीत आहे. निकालानंतर अडीच-पावणेतीन महिन्यांत नव्या मालकाने कुटुंबाला मुक्त केलं. ड्रेड पुढच्या वर्षी वारला. हॅरिएट १८७६ पर्यंत सेंट लुईसमध्ये होती, लोकांचे कपडे धुऊन पोट भरत.

---

तिरकस_रेघ

लेख आणि प्रतिसाद माहितीपूर्ण, पण एक खटकतं. चाळीस लाखांच्या तुलनेत तीनशे दावे म्हणजे काय? कोर्टाच्या वाटेने गेलेल्या बायकांची कथा वाचून असं वाटू लागतं की हुशार बाई वकील गाठायची आणि सुटायची. त्याच मिझुरीत १८५५ मध्ये सीलिया नावाच्या गुलाम मुलीने वर्षानुवर्षं बलात्कार करणाऱ्या मालकाला मारलं. राज्याचा कायदा 'कोणत्याही स्त्री'वर जबरदस्ती हा गुन्हा म्हणत होता. बचावपक्षाने मागितलं की ज्युरीला सांगा, या शब्दांत गुलाम स्त्रीही येते. न्यायाधीशांनी नकार दिला. २१ डिसेंबर १८५५ ला फाशी. कोर्ट हे मुळात मालकांचं होतं.

बहुसंख्य बायकांना स्वातंत्र्य मिळालं ते युद्धात, आणि तेही फुकट नाही. केंटकी युनियनमध्येच, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, राहिलं, त्यामुळे १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागू नव्हता. गुलाम पुरुष सैन्यात भरती झाला की तो मुक्त, बायको-मुलं मालकाचीच. तरी त्या नवऱ्यामागोमाग कॅम्प नेल्सनला आल्या. नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत लष्कराने सुमारे ४०० बायका-मुलांना छावणीबाहेर हाकललं आणि झोपड्या मोडल्या. त्यातले १०२ जण मेले. त्यावर ओरड झाल्यावर ३ मार्च १८६५ ला काँग्रेसने कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायका-मुलांना मुक्त करणारा ठराव केला.

---

जुनी_दफ्तरं

@तिरकस_रेघ, आकड्यांचा मुद्दा मान्य. कोर्ट ही राजरस्त्याची वाट नव्हती, असा माझा दावाही नाही. पण खटल्यांत बाईचं नाव, वय, ती कुठे कुठे राबली, कोणाला विकली गेली, हे शपथेवर नोंदलं जातं. बाकी दफ्तरांत ती बिननावाची आहे. म्हणून खटले मोलाचे.

आणि स्वतंत्र ठरलेल्या बाईलाही कागद सांभाळावा लागे, हे हेन्रिएटा वुडच्या बाबतीत दिसतं. १८४८ मध्ये सिनसिनाटीत रीतसर मुक्त. १८५३ मध्ये फसवून नदीपल्याड केंटकीत नेलं आणि झेबुलन वॉर्ड व त्याच्या साथीदारांनी तिला पुन्हा विकायला काढलं. तिने केंटकीत दावा लावला, पण दाखवणार काय? कोर्टातली नोंद १८४९ च्या आगीत जळालेली, स्वतःजवळची प्रत पळवणाऱ्यांनी काढून घेतलेली. हरली. मग मिसिसिपीत कापसाचा मळा, युद्ध सुरू झाल्यावर मालकाने टेक्सासला हलवलं. १८६९ मध्ये ती सिनसिनाटीला परतली आणि पुढच्याच वर्षी वॉर्डवर २०,००० डॉलरचा दावा ठोकला. १८७८ मध्ये फेडरल कोर्टातल्या ज्युरीने २,५०० डॉलर दिले आणि ते मिळालेही. त्याआधी १८५५ मध्ये एलिझाबेथ केकलीने स्वतःची आणि मुलाची सुटका विकत घेतली होती ती १,२०० डॉलरला. दोन्ही रकमा शेजारी ठेवून बघाव्यात.

---

मोडी_वाचक

'बिननावाची' यावरून जरा तपशिलात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव, आणि त्याखाली एकेक ओळ: वय, लिंग, रंग. नाव नाही. १८६० मध्ये गुलामांच्या खोपटांच्या संख्येचा रकाना वाढवला, बस्स. त्यामुळे '२६, स्त्री, काळी' या ओळीवरून कोणाचीही पणजी सापडत नाही. सगळे सामान्य नागरिकांसारखे नावासकट दिसतात ते पहिल्यांदा १८७० मध्ये.

म्हणून शोध उलटा करायचा. १८८० ची जनगणना आधी, कारण तिच्यात कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे. मग १८७०. त्यात नातं नाही, त्यामुळे एका घरात राहणारी बाई बायको, बहीण की भाडेकरू, हे गृहीत धरू नका. सर्वात जास्त चुका इथेच होतात. १८७० मध्ये त्याच गावात, शेजारपाजारी कोण गोरे जमीनदार आहेत ते पाहून ठेवा. पुष्कळ कुटुंबं मुक्तीनंतर पाच वर्षांत फार लांब गेलेली नव्हती. तिथून त्या जमीनदाराची मृत्युपत्रं, वारसा-वाटणीच्या याद्या आणि गहाणखतं गाठायची, कारण तिथे गुलामांची नावं किमतीसकट असतात. तिथे आई आणि तान्ही मुलं बहुधा एकत्र लिहिलेली सापडतात. बाप मात्र वेगळ्या मालकाचा असेल तर त्या यादीतच नसतो. मूळ धाग्यातल्या कलमाचा हा परिणाम.

आडनावात हमखास फसगत होते. मुक्त माणसांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं मानून लोक चुकीच्या मळ्यावर जातात. कोणी आधीच्या मालकाचं, कोणी बापाचं, कोणी भलतंच घेतलं. मळा बरोबर आहे का ते पडताळायला फ्रीडमन्स बँकेची, म्हणजे मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी काढलेल्या बँकेची, खाते-रजिस्टरं बघा. १८६५ ते १८७४ एवढीच ती बँक चालली, पण खातेदाराकडून आईबाप, भावंडं, जुना मालक अशी माहिती लिहून घेत. जोशात दोन-दोन पिढ्यांची नावं सांगितलेली आहेत.

---

खळ_आणि_नीळ

पेन्शनच्या फायली कशा विसरलात! सैनिकांच्या विधवांच्या. युनियन सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय पुरुष होते. साध्या शिपायाच्या विधवेला १८६२ च्या कायद्याने महिना ८ डॉलर. अट एकच, लग्न सिद्ध करा. आता गुलामांचं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं, तर दाखला कुठून आणणार? १८६४ मध्ये तरतूद झाली की भरतीआधी किमान दोन वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिल्याची विश्वासू साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं चालतील. १८६६ मध्ये अटी आणखी सैल झाल्या.

मग त्या काय करत? झाडूवरून उडी मारल्याचे (गुलामांच्या लग्नातला विधी), मालकाच्या अंगणात लग्न लागल्याचे साक्षीदार गोळा करत. मुलांच्या जन्मतारखेला सुईणीची साक्ष. तारीख कोणाला ठाऊक नसे, म्हणून 'कापूस वेचणी संपत आली होती' असं लिहून घेत, आणि वॉशिंग्टनचा कारकून नेमकी तारीख मागत पत्र पाठवी. नवरा एका आडनावाने भरती झालेला, बायको दुसऱ्या आडनावाने अर्ज करते, की फाइल अडकली. अर्ज भरणाऱ्या एजंटाची फी कायद्याने १० डॉलरपर्यंत, वसुली त्याहून जास्त. संशय आला की खास तपासनीस गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारी. ७ ऑगस्ट १८८२ च्या कायद्याने तर विधवा उघडपणे कोणाबरोबर राहते असं दिसलं तर पेन्शन बंद. यामुळे चाळीस-पन्नास पानी जबान्या तयार झाल्या. बाईच्या अंथरुणाची चौकशी करणारं सरकार संतापजनक आहेच, पण गुलामीतल्या संसाराची इतकी बारीक नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते.

हॅरिएट टबमनचंही तेच. १८६३ च्या कोम्बाही नदीवरच्या मोहिमेत ७०० हून अधिक माणसं सोडवणाऱ्या या बाईला १८९५ मध्ये पेन्शन मंजूर झाली ती दुसऱ्या नवऱ्याची विधवा म्हणून, महिना ८ डॉलर. १८९९ मध्ये काँग्रेसने ती २० केली, तीही परिचारिका म्हणून केलेल्या कामासाठी. हेरगिरीबद्दल काही नाही.

जाता जाता माझ्या आवडीचा विषय. हॅरिएट स्कॉटसारख्या असंख्य बायका धुण्यावर का राहिल्या? कारण काम स्वतःच्या घरी करता येई. मालकिणीच्या नजरेखाली नाही, मुलं जवळ. सोमवारी कपडे आणायचे, शनिवारी पोचवायचे. पाणी विहिरीतून ओढायचं. साबण राखेच्या क्षारापासून घरी, खळ गव्हाच्या कोंड्याची, टब म्हणजे बिअरचं पिंप मधोमध कापून. महिन्याची कमाई ४ ते ८ डॉलर. जुलै १८८१ मध्ये अटलांटात वीसेक जणींनी संघटना काढून संप केला, मागणी डझन पौंड कपड्यांना १ डॉलर. तीन आठवड्यांत ३,००० जणी सामील. शहर कौन्सिलमध्ये २५ डॉलर परवाना-फीचा प्रस्ताव आला. बायकांनी महापौरांना कळवलं, फी भरू, पण मग धुण्याचे दर आम्हीच ठरवणार. प्रस्ताव बारगळला.

---

डोंगरवाट

वाचनीय धागा. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, ते आठवलं. तेव्हा तिकडे प्रत्यक्षात काय चाललं होतं?

---

जुनी_दफ्तरं

@डोंगरवाट, मुक्त झालेल्यांसाठी नेमलेलं सरकारी खातं, फ्रीडमन्स ब्यूरो, १८७२ मध्ये बंद झालं होतं. खळ_आणि_नीळ यांनी सांगितलेल्या विधवांचे अर्ज टेबलांवर पडून होते. फ्रीडमन्स बँक पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये बुडाली आणि सुमारे ६१,००० खातेदारांचे पैसे अडकले. धुणी-भांडी करून साठवलेले डॉलर त्यात बरेच. पुण्यापर्यंत पोचली होती ती कायद्याची बातमी, आणि ती खरीच होती.

---

रेवाकाठ

विकल्या गेलेल्या मुलांना आया शोधायच्या कशा? मालकाच्या याद्या तर त्यांच्या हाती नव्हत्या.

---

मोडी_वाचक

@रेवाकाठ, चर्चमधून आणि वर्तमानपत्रांतून. फिलाडेल्फियाच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर'मध्ये युद्ध संपताच 'माहिती हवी' अशा जाहिराती येऊ लागल्या. न्यू ऑर्लीन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट'मध्ये १८७९ पासून 'हरवलेले आप्त' या नावाचं सदर होतं. वर्गणीदारांना फुकट, इतरांना ५० सेंट, आणि पाद्र्यांना विनंती असे की रविवारी व्यासपीठावरून वाचून दाखवा. मजकुराचा साचा ठरलेला: माझं नाव, आईचं नाव, आम्ही अमक्याच्या मालकीचे होतो, अमक्या व्यापाऱ्याने अमक्या गावी विकलं, तेव्हा धाकटी एवढ्या वयाची होती. वंशावळ शोधणाऱ्याला मालकांच्या नावांची ही साखळी फार उपयोगी पडते. ही दोन्ही पत्रं आता अंकीय स्वरूपात शोधता येतात. शोधताना माणसाऐवजी मालकाचं आडनाव टाका, आणि स्पेलिंगचे तीन-चार प्रकार करून पाहा.